झाडे सरांचं चालू आहे

झाडे सरांनी मला एकदा मंगळवारी अर्धं वाक्य सांगितलं आणि उरलेलं शुक्रवारी. मंगळवारी तासाची घंटा झाली तेव्हा ते म्हणत होते, "मॅडम, भेंडीले पाणी जास्त झालं ना, तं..." तिथेच थांबले, टेबलावर बोट दाबून "इथं खूण" म्हणाले आणि वर्गावर गेले. शुक्रवारी मी डबा उघडत होते. समोर येऊन बसले आणि म्हणाले, "...तं मुळं सडते." नमस्कार नाही, चमत्कार नाही. क्षणभर मी डब्यातल्या भाजीकडेच संशयानं पाहिलं.

वर्ध्याजवळच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि संगणकांच्या खोलीचा कारभार माझ्या गळ्यात पडलेला आहे. त्या खोलीच्या कोपऱ्यातल्या संगणकात झाडे सरांचा जीव अडकलाय. त्यांच्या हिंगणीच्या शिवारात जमिनीखाली पाणी कसं सरकतं, कुठं मुरतं, कुठली विहीर किती भरते, याचं गणित ते त्यावर चालवतात. मागच्या तीस वर्षांचा पाऊस घालून आजपर्यंत पोचायलाच त्या गणिताला दोन महिने लागतात, मग पुढची वर्षं. संगणकावर पाटी आहे, 'हात लावू नये. चालू आहे.' खाली वेगळ्या शाईत, 'पुसूही नये.' त्यामुळे वर बोटभर धूळ आहे.

एवढं लांबलचक गणित मध्येच वीज गेली की बुडतं. म्हणून संगणक थोड्या थोड्या वेळानं आपण कुठवर आलो ते एका फाइलीत लिहून ठेवतो. सर त्याला खूण म्हणतात. वीज आली की खुणेपासून पुढे. पण एकदा वीज गेली ती नेमकी खूण लिहिली जात असताना, आणि सर नवी खूण दर वेळी जुनीवरच लिहीत होते. जुनी पुसलेली, नवी अर्धवट. दोन महिने मातीत गेले. त्या दिवशी सर डबा तसाच घेऊन घरी गेले.

तेव्हापासून त्यांचा एकच मंत्र, "नवी उघडून वाचल्याशिवाय जुनी पुसाची नाई." हे संगणकापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. नवा चष्मा आला तरी जुना तीन महिने गळ्यात. नवी चप्पल पायात, जुनी पिशवीत. लग्नाच्या पंगतीतही दुसरी जिलेबी चाखून पाहिल्याशिवाय हा माणूस पहिली संपवत नाही! मी हसले, तर म्हणाले, "हासा जी. तुमचे दोन महिने नाई गेले."

मग परीक्षा आल्या. सोमवारपासून परीक्षा संगणकावर, तेव्हा कोपऱ्यातला संगणक शनिवारपर्यंत थांबवून रिकामा करावा, असा प्राचार्यांचा लेखी आदेश निघाला. सरांनी त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं, 'संगणक चालू आहे. थांबल्यावर आदेशाचा विचार करण्यात येईल.' प्राचार्य लालबुंद झाले. रिकामा करायचं काम अर्थातच माझ्यावर आलं.

शुक्रवारी दुपारी मी पदर खोचून बसले, सर पाठीमागे पहाऱ्याला उभे. उघडून पाहते तर हजारो नकाशे! हा माणूस काही म्हणता काही पुसत नव्हता. आणि सगळे नकाशे एकाच गोष्टीचे. आजच्या खुणेपासून निघायचं, पुढची वर्षं चालवायची आणि एका विहिरीपाशी येऊन थांबायचं. 'एक बांध, अकराव्या वर्षी आटली.' 'दोन बांध, बाराव्या वर्षी आटली.' 'तीन बांध, उन्हाळी वांगी बंद, चौदाव्या वर्षी आटली.' विहिरीचं नाव लिहिलं होतं, दादा.

"सर, हे गणित तर केव्हाच संपलंय!"

"कोन म्हणते?" सर तडकले. "विहीर आटते, हे काय उत्तर हाये? ते तं कोनी बी सांगीन. काय केल्यावर आटत नाई, ते निघेपर्यंत चालवणार मी. अकरावरून चौदावर आनली, मॅडम!"

दादा म्हणजे सरांचे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा दादांनी शाळा सोडली, त्या विहिरीवर भाजी पिकवली आणि धाकट्याला शिकवलं. अजूनही दर शनिवारी बाजार आटोपला की वांग्यांची पिशवी घेऊन कॉलेजात येतात.

"बरं, मग परीक्षेपुरतं थांबवा आणि पुन्हा खुणेपासून सुरू करा. हेच तर तुमचं शास्त्र!"

सर हळूच म्हणाले, "थांबवता येते जी. काईच बिघडत नाई. पन उद्या दादा येईन. दर खेपेले इचारते, 'झालं का रे तुयं गणित?' मी म्हणतो, 'चालू हाये, दादा.' तेवढ्यावरच खुश होऊन जाते तो. बंद मशीनीपाशी उभं राहून चालू हाये कसं म्हणू? खोटं नाई बोललो मी त्याच्यासंग कधी."

खरंही सांगितलं नव्हतं, पण ते मी बोलले नाही. मला या माणसाचा रागही आला आणि त्याचं मशीन बंद करवेनाही. जुने नकाशे मी पुसले, नवी-जुनी दोन्ही खुणा जपून ठेवल्या आणि परीक्षेसाठी माझ्या टेबलावरचा संगणक उचलून दिला. प्राचार्यांना सांगितलं, कोपऱ्यातल्याला हात लावायचा असेल तर खोलीचा कारभारही दुसऱ्या कुणाला द्या. ते मुकाट गेले. हा कारभार कॉलेजात कुणालाच नको आहे.

शनिवारी दादा आले तेव्हा सर वर्गावर होते.

"झालं का जी त्याचं गणित?"

"चालू आहे," मी म्हणाले.

दादा हसले. "मॅडम, त्या विहिरीत दर उन्हाळ्यात मी उतरतो. पाणी कुठवर गेलं, ते मले दिसते. त्याले नका सांगू. लय मेहनत करून राह्यला तो." पिशवी ठेवून निघाले, आणि दारातून परत फिरले. "त्यानं सांगतले ते तिन्ही बांध घातले म्हणा. अन् नाल्याच्या वरच्या अंगाले दोन खड्डे बी खोदले म्या, पाणी मुराले. ते बी गणितात धरजो म्हणा."

ते बाहेर पडले तोच सर वर्गावरून आले. मी बांध-खड्ड्यांचा निरोप तेवढा दिला.

"किती खोल?"

मला काय ठाऊक! सर खिडकीशी धावले आणि अख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल असं ओरडले, "दादा! खड्डे किती खोल?"

फाटकापाशी पोचलेले दादा वळले. सत्तरीच्या त्या माणसानं हात वर करून स्वतःच्या डोक्याच्या टीचभर वर धरला.

सर कोपऱ्यात जाऊन बसले. प्राचार्यांच्या आदेशानं न थांबलेलं गणित त्यांनी स्वतःच्या हातानं थांबवलं, दोन खड्डे पुरुषभर खोल धरले आणि आजच्या खुणेपासून पुन्हा सुरू केलं.