उमेदवाराचे वडील

फोटोवाल्याच्या हाताला एक सवय होती. समोर येईल त्याला तो सुंदर करून सोडायचा. ओळखपत्राच्या फोटोसाठी आलेला माणूसही त्याच्या स्टुडिओतून बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा दिसे. सुरकुत्या पुसायच्या, चामखीळ उडवायची, दोन हनुवट्यांची एक करायची, हे तो कॉम्प्युटरवर बोलता बोलता करून टाकी. आजवर कुणी तक्रार केली नव्हती. कोण करणार?

त्यामुळे थोरल्या बहिणीचा नवरा महापौरपदाच्या थेट निवडणुकीला उभा राहिला आणि ताईने फोटोचं काम भावाला दिलं, तिथेच पुढचं सगळं ठरून गेलं. भाऊजी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. डोक्यावर चकचकीत टक्कल, नाकावर चामखीळ, मानेला तीन वळ्या. शहरातला एकूण एक व्हॉल्व्ह त्यांना तोंडपाठ होता. शहराला मात्र ते ठाऊक नव्हते, कारण नोकरीची तीस वर्षं त्यांनी बहुतेक खड्ड्यातच काढली होती.

"हे बघ," ताईने दम भरला, "यांचा चेहरा घराघरात पोचला पाहिजे. हे पडले ना, तर तुझं तोंड बघणार नाही मी."

फोटोवाल्याने जीव ओतून काम केलं. चार दिवसांनी चौकाचौकात एक पस्तिशीचा देखणा तरुण दाट केसांसकट हसत उभा राहिला. भाऊजींनी पोस्टर पाहून "हा कोण?" असं विचारलंसुद्धा. पण ताई "अगंबाई, काय छान आलाय!" म्हणाली, आणि संसारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने पुढे काही विचारलं नाही.

प्रचाराला निघाल्यावर पहिलंच दार एका आजीबाईंनी उघडलं.

"या, बसा. मुलगा नाही आला?"

"कुठला मुलगा?"

"अहो, उमेदवार! या वयात बापाला जिने चढायला लावतो म्हणजे काय?"

"आजी, मीच उमेदवार आहे."

आजींनी भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. "घ्या, आधी पाणी घ्या," त्या मायेने म्हणाल्या.

गल्लीभर हेच. संध्याकाळच्या सभेत तर भाऊजी व्यासपीठाची पायरी चढू लागताच त्यांच्याच कार्यकर्त्याने त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. "बाबा, इथून नीट ऐकू येईल," तो म्हणाला. विरोधी उमेदवाराने दुसऱ्याच दिवशी डरकाळी फोडली, "समोरचा उमेदवार कुठे तोंड लपवून बसलाय?"

ताई तणतणत स्टुडिओत आली.

"फोटो बदल. आत्ताच्या आत्ता!"

"ताई, मतपत्रिकेवर हाच गेलाय. छपाईसुद्धा झाली."

"मग आता?"

"आता भाऊजीच बदलावे लागतील," फोटोवाला खालच्या आवाजात म्हणाला.

नाटकवाल्यांकडून केसांचा टोप आणला. चामखिळीवर पावडरचे थर बसले. मान ताठ ठेवायची, हसायचं नाही, घाम तर अजिबात येऊ द्यायचा नाही, अशी ताकीद देऊन भाऊजींना रस्त्यावर सोडलं. फोटोवालाही मागोमाग निघाला. दोन गल्ल्या बरं चाललं. तिसऱ्या गल्लीत पाइप फुटून पाण्याचं कारंजं उडत होतं आणि पालिकेचे तीन कर्मचारी व्हॉल्व्ह शोधत भलतीकडेच खणत होते.

भाऊजींना ते बघवेना. "अरे, तिकडे काय खणताय! त्या भिंतीपाशी, चार फूट खाली!" म्हणत ते पँट दुमडून खड्ड्यात उतरले. वाकताच टोप पाण्यात पडला आणि उताराने निघूनही गेला. पावडर धुतली गेली. पाच मिनिटांत पाणी बंद झालं आणि खड्ड्यातून आपलं जुनं, ओळखीचं टक्कल वर आलं. फोटोवाल्याने डोळे मिटून घेतले. संपलं, ताईचं दार आपल्याला कायमचं बंद, असं त्याला वाटलं.

पण लोक टाळ्या वाजवत होते. "मुलाचं काही माहीत नाही बुवा," एक जण मोठ्याने म्हणाला, "पण वडील कामाचे आहेत. यांच्याकडे बघून मत देऊन टाकू!"

आणि शहराने खरोखरच वडिलांकडे बघून मुलाला निवडून दिलं.

पहिल्या दिवशी शिपायाने नव्या महापौरांना त्यांच्याच दालनाबाहेर बाकावर बसवलं. भाऊजींनी तेवढ्यात कॉरिडॉरमधला गळका नळ दुरुस्त केला. "मुलाला आमच्या गल्लीचं सांगा हो," म्हणत माणसं येत राहिली. सुरुवातीला भाऊजी समजावून सांगत. दुपारनंतर ते कंटाळले. "सांगतो त्याला. माझ्या शब्दाबाहेर नाही तो," म्हणू लागले. कामं होत होती, त्यामुळे लोकही खूश होते.

आठवड्याने ताई पुन्हा स्टुडिओत आली. फोटोवाला पेढ्याच्या आशेने उठला, पण तिचा चेहरा पाहून परत बसला.

"भाजीवाली मला काय म्हणाली ठाऊक आहे? महापौरांच्या आई, तुमचा मुलगा गुणी आहे म्हणे. आई! मी!"

ताई तरातरा जाऊन पडद्यापुढच्या स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "काढ माझापण फोटो."

"किती वर्षं कमी करू?" त्याने भीत भीत विचारलं.

"त्या पोस्टरातल्याला शोभेन एवढी."