कूलरबंदीची मोहीम व लोहपापुद्र्याची फत्ते

सकळ घामाघूम जनांसी विदित व्हावे जे, शके एकोणीसशे अकरा, वैशाख मासी सूर्याने नागपुरावर ऐसी चढाई केली की म्हशी, वकील आणि प्राध्यापक एकसाथ सावलीस शरण गेले. ते समयी एका महाविद्यालयाचे पदार्थविज्ञान विभागी जे तुंबळ माजले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो.

विभागाचे सरसुभे वामनराव प्रोफेसर, दरारा मोठा आणि देह त्याहून मोठा. त्यांचे दालनी इतवारी बाजारचा वाळा भरलेला कूलर दिवसभर ऐसा गर्जे की भिंत थरथरे. भिंतीपलीकडे त्यांची शिष्या गोपिका. तिने हवा उपसलेल्या हंडीत काचेवर लोखंडाचा पापुद्रा चढविला, जाडी अवघी काही अणूंची. तिची मनीषा ऐसी की, विजेचा कण नुसता धावत नाही, गिरकीही घेतो. चुंबकी पापुद्रे रचोन ती गिरकी पारखावी, कोणास वाट द्यावी, कोणास अडवावे, आणि त्या बळावर नवी यंत्रे चालवावी.

वामनराव म्हणत, इतक्या पातळ लोखंडात कसला आला चुंबक? मग फर्मान सुटले जे, आज दिवस मावळेतो यंत्राच्या पेनाने चुंबकाचा बंद फेरा, म्हणजे पेन एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परतते ती खऱ्या चुंबकाची खूण, कागदावर काढावा, नाहीतर विषय बरखास्त आणि हंडी खुली. हंडी उघडिली की पापुद्रा गंजोन जाणार आणि गोपिकेची कैक वर्षे मातीमोल होणार. आणि पेन तर ऐसे थरथरे की जणू शाईत पडलेले झुरळ कागदावरून पळाले असावे.

मग तिचे ध्यानी आले की, शिपाई नत्थूजी टाकीत पाणी भरावयास कूलर बंद करीत, तेवढा वेळ पेन निमूट चाले. कूलरची मोटरच फितूर! परंतु वैशाखात हुजुरांसी कूलर बंद करा म्हणणे म्हणजे वाघाच्या जबड्यात हात.

मग गुप्त मसलत जाहली आणि नत्थूजींनी बादली टाकोन लोटा धरिला, आणि एक लोटा, मग विसावा, मग दुसरा लोटा, ऐसा टाकीस वेढा पडला. आत हुजूर घामाने भिजोन चिंब.

"काहून गा नत्थूजी, टाकी भरून राहिला का अंबाझरी तलाव?"

नळाची धार बारीक आहे, ऐसा अर्ज नत्थूजींनी गुजारिला. तेव्हा हुजूर खवळोन स्वतः बाहेर आले, लोटा पाहिला, कावा ओळखिला आणि गोपिकेच्या खोलीवर चालोन गेले. नेमके तेच क्षणी पेन गेल्या वाटेने न परतता दुसऱ्या वाटेने आले आणि फेरा बंद जाहला. नितळ, गरगरीत, देखणा फेरा! हुजूर चष्मा पुसोन पाहत राहिले. नत्थूजी घाबरोन कूलरच्या खटक्याकडे धावले.

"राहू दे गा बंद," हुजूर बोलिले. "गोपिका, मले पुन्हा काढून दाखव."

दुसरा फेरा पहिल्यावर तंतोतंत बैसला. गोपिका रडतारडता हसो लागली आणि वामनरावांनी नत्थूजींच्याच लोट्यातून पाणी पिऊन तिसरा फेरा मागितला. येणेप्रमाणे लोहपापुद्र्याची फत्ते जाहली. त्या दिवशी अंधार पडेतो कूलर कोणासही आठवला नाही, हे दप्तरी नमूद असे.