सोनूमामांचा कापूस

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत शेजारी राहणारे सोनूमामा कुणाच्याही घरात शिरले की माणसांकडे नंतर बघतात, आधी पंख्याकडे. पंखा जरा हलत असला की खेकसलेच, "डुगडुगता!" मग न विचारता बटण बंद, स्टूल पुढे आणि मामा वर. मला बघायला मंडळी आली तेव्हाही हेच. भर मे महिन्यात मुलाच्या आईच्या डोक्यावरचा पंखा उघडून बसले. ती माणसं घामाघूम होऊन गेली ती गेलीच. मी तणतणले तर मलाच म्हणाले, "मरांदे! पंखो तरी सरळ झालो."

ब्याऐंशीच्या संपापर्यंत मामा गिरणीच्या सूतखात्यात होते. सूत कातणारी चाती केसभर कलली तरी धागा तुटतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. गिरणी गेली, चात्या भंगारात गेल्या. मामांची तपासणी तेवढी उरली आणि ती आम्ही भोगतोय. पोरांचे भोवरे, टॅक्सीची चाकं, कशालाच सुटका नाही.

मी ॲनिमेशन करते. मामांच्याच गिरणीच्या जागेवर आता टॉवर उभा आहे, आणि त्याच्या लॉबीत दाखवायला जुन्या गिरणीची छोटी फिल्म आमच्या स्टुडिओकडे आली. ज्यांनी पाडली त्यांनाच आता तिची शोभा हवी होती! माझ्याकडे काम होतं हवेत तरंगणाऱ्या कापसाचं. कुठला पुंजका कोणत्या आसाभोवती, किती वेगाने फिरणार, हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. मी सगळ्यांना एकच उभा आस दिला, एकच वेग. स्टुडिओचे साहेब खूश. "क्लासी," म्हणाले.

रविवारी घरी लॅपटॉपवर तेच बघत होते, तर मागून गर्जना.

"ह्यां काय गो?"

"कापूस. तुमच्या खात्यातला."

"ह्यो कापूस? ह्यो तर कवायत करता!"

मी वैतागले. "एकही डुगडुगत नाही, मामा. जन्मभर तेच सांगत आलात ना?"

"चाती सरळ फिराक होयी. कापूस न्हय! कापसाक कोण शिस्त लावता गो? आमका लावल्यानी ती पुरे नाय?"

 त्यांच्या सूतखात्याचं हे एवढंच चित्र लोकांपुढे राहणार होतं, आणि ते मी खोटं काढलं होतं. मला लाज वाटली.

"मग सांगा, कसा फिरतो?"

दुपारभर ते माझ्या मानगुटीवर बसले. "ह्यो कोलांटी खाता. ह्यो आडवो जाता. ह्येका घाई नाय." मी प्रत्येक पुंजक्याला वेगळा आस दिला, वेगळा वेग. "आणि माणसाच्या आंगार बसलो काय गप." मी एक पुंजका पडद्यावरच्या कामगाराच्या खांद्यावर उतरवला आणि त्याचं फिरणं शून्यावर आणलं.

मामांनी पडद्यावरच्या त्या खांद्याला बोट लावलं. मामी जाऊन आता पुष्कळ वर्षं झालीत. तिचं नावही ते कधी काढत नाहीत.

"मिया कामावरसून इलंय की तुझी मामी भायरच थांबवी," ते म्हणाले. "खांद्यावरचो कापूस येचल्याबिगर आत घेय नाय. संपात खंयचो कापूस? दिवसभर काम शोधून मिया हात हलवीत येय. तरी रोज थांबवी. आणि येची."

सोमवारी साहेबांनी तोंड वाकडं केलं. फार गचाळ दिसतंय, आधीचंच लाव, म्हणाले. ज्यांचं पोट त्या खात्यात भरलं त्यांना विचारून केलंय, मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर हात आपटला. तासभर भांडले. शेवटी कापूस राहिला. माझी नोकरी राहील की नाही, ते मात्र साहेबांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर मामा आमच्या दाराबाहेरच उभे.

"काय झालां?"

"राहिला."

 मी आत जाऊ लागले तर मामांनी उंबऱ्यावरच अडवलं आणि चिमटीने माझ्या खांद्यावरून एकेक काही वेचू लागले. खांद्यावर काहीच नव्हतं. त्यांचं होईपर्यंत मी न हलता उभी राहिले.