साहेब म्हणतील ते शिखर

"तो डोंगर? अहो, तळहातासारखा पाठ आहे मला!" हेडक्लार्क भाऊसाहेबांनी भर ऑफिसात जाहीर केलं. "कॉलेजात असताना चारदा चढलोय. डोळे बांधून सोडा, थेट शिखरावर जाऊन बसतो!"

गंमत म्हणजे हे खरं होतं. भाऊसाहेब थापाडे नव्हते. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबासमोर त्यांच्या तोंडून 'नाही' निघालेलं कुणी ऐकलं नव्हतं. पाठीमागे सगळे त्यांना होयबा म्हणत.

अधीक्षकाची जागा तीन महिने रिकामी होती. साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, "ऑफिसच्या या डोंगरसहलीत माणसाची पारख होते. उतरलो की नाव ठरवतो." भाऊसाहेबांचा त्या जागेवर जीव जडला होता. रिटायर व्हायला चार वर्षं उरली होती. त्यात मेहुणा गेल्या वर्षी अधीक्षक झाला होता आणि तेव्हापासून यांच्या घरी येऊन यांच्याच खुर्चीवर तंगड्या पसरून बसत होता!

"अहो, आज एकदा तरी साहेबांना नाही म्हणा," निघताना बायकोने बजावलं. "चुकले तर सांगा चुकलात म्हणून. म्हणाल ना?"

"होय," भाऊसाहेब म्हणाले.

पायथ्याशी ऑफिसची बस थांबली तेव्हा पाऊस आडवा येत होता आणि धुकं इतकं, की आपलाच हात आपल्याला ओळख दाखवेना. ऑफिस होतं नकाशांचं. तीन कपाटं भरून नकाशे! पण एक नकाशा बाहेर काढायला तीन सह्या लागतात आणि तिसरी सही करणारा रजेवर होता. म्हणून नकाशा आणला नव्हता.

"भाऊसाहेब, तुम्ही वाटाडे," साहेब म्हणाले.

"होय, साहेब."

पण वाटाड्याने पुढे चालायचं कसं? पुढे साहेब! या ऑफिसात जिन्यावरसुद्धा कुणी साहेबांच्या पुढे पाऊल टाकत नसे. तेव्हा सगळी वरात सेवाज्येष्ठतेप्रमाणे लागली. आघाडीवर साहेब, मागे भाऊसाहेब, मग बाकीचे, आणि शेपटाला नुकत्याच रुजू झालेल्या आवक-जावकच्या बाई. साहेब बुटाची नाडी बांधायला वाकले की अकराच्या अकरा माणसं चिखलात खोळंबत.

तासभर उभा चढ चढल्यावर पहिला फाटा आला. शिखर उजवीकडे. भाऊसाहेबांना झोपेतही सांगता आलं असतं.

"डावीकडे ना?" साहेबांनी विचारलं.

भाऊसाहेबांच्या घशात 'नाही' आलं, जिभेपर्यंत पोचलं, तिथे त्याला बावीस वर्षांची सवय भेटली आणि ते आल्या वाटेने परत गेलं.

"होय, साहेब!"

दुसरा फाटा. "इथेही डावीकडेच!" "होय, साहेब!" तिसऱ्यालाही तेच. वाट खाली उतरायला लागली. कॅशियर दोनदा आपटला, स्टोअरकीपरचा एक बूट चिखलाने कायमचा जप्त केला. साहेब मात्र खुशीत!

"बघा, एवढं चढतोय तरी मला दम म्हणून लागत नाही!"

"साहेब, आपण उतरतोय," मागून बाईंचा आवाज आला.

"काय हो भाऊसाहेब?"

"डोंगराची रीतच आहे, साहेब. थोडं उतरल्याशिवाय चढ येत नाही!"

बाई काही गप्प बसेनात. "हा मोडका कठडा आपण सकाळी पाहिला होता."

"डोंगरावर कठडे सगळे सारखेच!" साहेब गरजले. "काय भाऊसाहेब?"

"अगदी जुळे, साहेब."

चार तासांनी, सगळ्यांच्या पायांचे तुकडे पडले असताना, धुक्यात एक लांबलचक भिंत दिसली.

"शिखरावरचा निवारा!" साहेबांनी हात उंचावले.

त्या भिंतीला एक मोठा पोचा होता. भाऊसाहेबांनी तो तत्क्षणी ओळखला. त्याच्या दुरुस्तीची फाइल दोन वर्षं त्यांच्याच टेबलावर पडून होती!

"हेच ना शिखर?"

"होय, साहेब. हेच!"

टाळ्या झाल्या, फोटो झाला. साहेबांनी कानावरचं पाणी पुसून भाषण सुरू केलं. "मित्रांनो, इतक्या उंचीवर आल्यावर माणसाला कळतं की…"

निवाऱ्याने हॉर्न वाजवला.

खिडकीतून ड्रायव्हरचं डोकं बाहेर आलं. "आलात होय जाऊन? बसा आत, भिजताय कशाला?"

बस निघाली. मग साहेबांनी मान वळवली.

"भाऊसाहेब, तुम्हाला वाट माहीत होती?"

"होय, साहेब."

"पहिल्या फाट्यालाच कळलं होतं?"

"होय, साहेब."

"अकरा माणसं चिखलात लोळवलीत, पण तोंड उघडलं नाहीत! मला अधीक्षक असा हवा, जो माझी चूक तोंडावर सांगेल. या बाई कालच्या आलेल्या, पण त्यांनी सांगितलं. जागा त्यांना देतोय. तुम्ही काही त्या लायकीचे नाही." साहेबांनी चष्मा पुसला. "माझं काही चुकतंय का?"

आता एका 'होय'चं काम होतं. तोच 'होय', जो भाऊसाहेब दिवसातून पन्नासदा फुकट वाटत! बायको आठवली, मेहुण्याच्या तंगड्या आठवल्या. भाऊसाहेब उभे राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "बरोबरच आहे आपलं."

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा मेहुणा खुर्चीवर होताच. बायको टॉवेल घेऊन धावत आली.

"अहो, काय झालं? म्हणालात का एकदाचं साहेबांना नाही?"

भाऊसाहेबांनी बुटातलं पाणी दारातच ओतलं.

"म्हणालो," ते म्हणाले.