पांडूकाकांचे आर्किटेक्ट

स्थळं पाहावीत तसे आमचे पांडूकाका आर्किटेक्ट पाहत. आलेल्या माणसाला पडवीत बसवायचं, कांदेपोहे द्यायचे, गाव कुठलं, आईबाप कुठं असतात, सगळं विचारायचं. त्याने लॅपटॉप उघडून घराचं चित्र दाखवलं की काका मान हलवत. "कागदावर कोन ऱ्हातंय, सांग मना!" असं म्हणून त्याला फाटकापर्यंत सोडून येत.

मी त्यांचा शेजारी. जवळच्या पूर्णा गावात एका गोदामात सुपरवायझर. मला इंग्रजी येतं या समजुतीने काका मला प्रत्येक वेळी बोलावत, आणि मीही पोह्यांसाठी जात असे.

घर बांधणं मात्र टळणार नव्हतं. बाजूच्या रस्त्याने दिवसभर कंटेनर जातात. काकांच्या जुन्या कौलारू घराच्या भिंतींना तडे गेले होते. मागच्या भिंतीत तर माझा पंजा जायचा.

ठेकेदार निजामपुऱ्याचे युसुफभाई. ते छातीवर हात ठेवून सांगत, "काका, आर्किटेक्ट किसलिए? मैं बैठा हूँ ना! दो मजला, आगे खंबे, ऊपर शेर!" गल्लीतल्या सगळ्या बंगल्यांवर त्यांचेच सिंह बसले होते. काकांनी त्यांनाही पोहे घातले आणि फाटकापर्यंत सोडलं.

"काका, नक्की पाहिजे तरी काय तुम्हाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"हाय तसाच घर पायजे. फकस्त मजबूत."

गावात काकांचं हसं झालं. शेतावर गोदाम उभं करून दरमहा भाडं घेणारा पैसेवाला माणूस, आणि नव्या घरात जुनी मोरी मागतो!

मग कल्याणहून मेघना नावाची आर्किटेक्ट आली. तिने लॅपटॉप आणलाच नव्हता. पोहे संपवले, टेप काढली आणि घर मोजायला लागली. काका जरा विरघळले. आठवड्याने ती नकाशा घेऊन आली. मोरी खोलीला लागून, स्वयंपाकघर उजेडाच्या बाजूला, उंबरे काढून टाकलेले.

काकांनी एकेका ठिकाणी बोट ठेवलं. "मोरी इथं न्हाय. चूल इथं न्हाय. उंबरा जिथं हाय तिथंच."

"काका, माणसं उंबऱ्याला ठेचकाळतात."

"आमच्या घरान कोन न्हाय ठेचकालत."

मेघनाने कागद गुंडाळला. "जुनंच घर हवंय तर मी कशाला? ठेकेदार बांधून देईल."

एरवी काका अशा वेळी फाटकाकडे चालू लागत. त्या दिवशी त्यांनी आत स्वयंपाकघरातल्या हिराकाकींकडे पाहिलं आणि आम्हा दोघांना अंगणाच्या पार टोकाला नेलं.

"हिचे डोले चाललेत," ते हळू आवाजात म्हणाले. "आता सुधारनार न्हाय. या घरान ती डोले मिटून फिरते. हात जाईल तिथं भित हाय, पाय जाईल तिथं उंबरा हाय. तुमी सगला हलवलात तर ती कुठं चाचपडंल?"

मी थक्क झालो. रोजचं येणं-जाणं, पण हिराकाकींचं मला काहीच कळलं नव्हतं.

"काकींना माहीत आहे?" मी विचारलं.

"तिला म्हायती हाय. मना म्हायती हाय, ता तिला म्हायती न्हाय. ती बोलते, डोल्याचे थेंब खाजेचे हायेत. मी गुपचूप जाऊन डॉक्टरला विचारून आलू."

मेघनाने गुंडाळलेला कागद काखेत मारला. मग म्हणाली, "राहणार त्या आहेत. मला त्यांना विचारू द्या."

हिराकाकी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होत्या. बोटांनी. मेघना त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली. "काकी, नव्या घरात तुम्हाला काय हवंय?"

"मना कोनी इचारला न्हाय अजून," काकी हसल्या. मग तांदळात बोटं फिरवत म्हणाल्या, "सगला असाच ठेव. फकस्त ही पडवीकडची भित काढ. हे भायेर बसतात. हायेत का उठून गेले, मना कलत न्हाय. पुढं मना दिसला न्हाय तरी ऐकाला तरी आला पायजे."

काका दारातच उभे होते. काकींना ते ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

ते आत आले. "पोरी, तूच कर आमचा घर," मेघनाला एवढंच म्हणाले. मग काकींसमोर बसले आणि त्यांच्या मांडीवरचं सूप आपल्याकडे ओढलं. आयुष्यात कधी त्यांनी तांदूळ निवडले नव्हते.

"खडे दिसतात का तुमाला तरी?" काकींनी विचारलं.

काकांनी बाहीने डोळे पुसले.

"आता मना पन न्हाय दिसत," ते म्हणाले.