एका सौदागराचे चार तुकडे

पुस्तकावर सुरी चालवायला ग्रंथपालाच्या अंगी धैर्य लागते, आणि ते माझ्या अंगी आहे, हे मी आरंभीच अभिमानाने नमूद करतो! एरवी मी संकोची माणूस. वाचनालयात कोणी मोठ्याने शिंकले तरी मलाच अपराधी वाटते. पण प्रश्न माझ्या खिडकीचा होता.

आमच्या वाचनालयाच्या दालनात पश्चिमेला एक खिडकी आहे. संध्याकाळी समोरच्या छपरांवरून उतरणारे ऊन नेमके माझ्या टेबलावर येऊन थांबते. जणू त्यालाही पुढे कुठे जायचे नसते. त्या खिडकीपाशी बसून मी जगातल्या बहुतेक दुःखांशी परिचय करून घेतला आहे, तोही सुट्टीचे दिवस वगळता रोज!

आणि नेमके हेच दालन आमच्या अध्यक्षांना सोफे ठेवण्यासाठी हवे होते. अध्यक्ष फर्निचरचे व्यापारी, इमारत त्यांच्याच मालकीची, दुकान खालीच. एके दिवशी ते वर आले आणि भिंती पावलांनी मोजू लागले.

"पाच सोफे आरामात बसतील," ते म्हणाले.

"पण काका, इथे वाचक बसतात."

"कुठायत?"

मी आजूबाजूला पाहिले. कोपऱ्यात एक गृहस्थ पुस्तकावर मान टाकून झोपले होते.

"हे बघ," अध्यक्ष म्हणाले, "वाचून माणसाला धंद्यातलं काही कळतं, एवढं मला दाखव. दालन तुझं. नाहीतर सोफे वर!"

माझ्या डोक्यात तत्क्षणी योजना तयार झाली. आमच्याकडे एका नामवंत लेखिकाबाईंची जाडजूड ऐतिहासिक कादंबरी होती. बंदरावर दोर वळणारा एक अनाथ पोरगा जहाजांचा मालक कसा होतो, याची ती कथा. महत्त्वाकांक्षा, व्यापार, सगळे काही! तिच्यावर वाचकांची चर्चा ठेवायची, अध्यक्षांनाही वाचायला लावायचे आणि खुद्द लेखिकाबाईंना बोलवायचे. अडचण एकच होती. प्रत एक, वाचक चार आणि वेळ थोडा. शिवाय ती प्रत उशाखाली घेतली असती तर मान कायमची वाकडी झाली असती.

म्हणून मी कादंबरीचे चार भाग करून घेतले! चौघांनी एकेक भाग वाचावा आणि चर्चेत आपापला भाग सांगावा, म्हणजे सर्वांपुढे अख्खा सौदागर उभा राहील. इतकी निर्दोष योजना मी आयुष्यात दुसरी आखलेली नाही.

आमचा बाइंडर कामात चोख. चारही भागांना त्याने सारखी तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी केली, प्रत्येकावर कादंबरीचे नाव चिकटवले आणि कडा यंत्राखाली अशा कापल्या की दाढी केलेल्या गालासारख्या गुळगुळीत झाल्या. त्याबरोबर तळाचे पृष्ठक्रमांकही गेले. "नुसते आकडेच होते ना? मजकूर शाबूत आहे," तो म्हणाला. मलाही ते पटले.

आता वाचकांना समजावून सांगणे आले. तोंडाने सांगणे मला जमत नाही. समोरचा डोळ्यांत पाहू लागला की माझी वाक्ये कर्त्यापाशीच थांबतात. म्हणून मी दाराशी सूचना लावली: "प्रत्येक वाचक हा या ग्रंथसागराच्या एकाच किनाऱ्याचा प्रवासी आहे, चर्चेच्या सायंकाळी चारही किनारे एकमेकांस भेटोत!" याहून सुस्पष्ट काय असू शकते?

अध्यक्षांनी ती वाचून माझ्या पाठीवर थाप मारली. "कविता बरी करतोस!"

त्यांना त्यात कविता दिसली, याचा मला आनंद झाला. तिथेच मी सावध व्हायला हवे होते.

चर्चेच्या संध्याकाळी दालन भरले. लेखिकाबाई मधोमध बसल्या. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा आणि चेहऱ्यावर आता कौतुक ऐकावे लागणार याचा सोशिक भाव. पहिले उठले निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सारे मास्तर म्हणतात.

"हा नायक म्हणजे सद्गुणांचा पुतळा!" मास्तर गहिवरून म्हणाले. "पायात वहाण नाही, पोटात घास नाही, पण दोराला कधी कच्ची गाठ मारली नाही! असा निष्पाप मुलगा माझ्या वर्गात एकही नव्हता."

"निष्पाप?" अध्यक्ष खुर्चीतून उसळले. "अहो मास्तर, त्यानं भागीदाराची जहाजं लाटली! अंगावरचा सदरा तेवढा ठेवला, तोही मापात बसत नव्हता म्हणून! काय डोकं आहे माणसाचं!"

"तुम्ही पुस्तक वाचलंय का?"

"अथपासून इतिपर्यंत!"

"दोघंही चुकताय," आमचे टेलरमामा शांतपणे म्हणाले. कापडावर खडूने रेघ मारावी तसे ते बोलतात. "कसला मुलगा आणि कसली जहाजं? तो सत्तरीचा म्हातारा आहे. एकटाच राहतो. उंदरांशी बोलतो. एका उंदराला तर मुनीमजी म्हणतो."

"उंदीर?" मास्तर आणि अध्यक्ष एका सुरात ओरडले. त्या दोघांचे एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग!

तेवढ्यात माझी आत्या उभी राहिली. ती उभी राहिली की आमच्या घरी टीव्ही बंद करतात.

"लाज वाटते का रे तुम्हाला, न वाचता बोलायला? तो माणूस मेलाय! पहिल्या पानावरच मेलाय! भिंतीवर नुसती तसबीर आहे त्याची. सगळा कारभार त्याची मुलगी बघते!"

"मुलगी? त्याचं लग्नच झालेलं नाही!" मास्तर.

"झालंय की! भागीदाराच्या बहिणीशी. हुंड्यात गलबत!" अध्यक्ष.

"बायको सोडून गेली," टेलरमामा हळहळले.

मी उठलो. "किनारे..." एवढेच तोंडातून निघाले.

"तू खाली बस रे, शहाण्या!" आत्या म्हणाली.

"सुरुवातीलाच मला शंका आली होती," अध्यक्ष गरजले. "पहिलंच वाक्य, 'आणि मग त्याने दुसरा हात वर केला.' पहिला हात कधी वर केला, पत्ता नाही! म्हटलं, नवीन तंत्र असेल. हल्लीचे लेखक मधूनच सुरू करतात. विचारायचं कसं? अडाणी ठरायचो!"

बाकीच्या तिघांनी एकाच वेळी माना खाली घातल्या. त्यांनीही विचारले नव्हते.

"ते जाऊ दे," अध्यक्ष पुढे म्हणाले. "मला धंदा कळला! या पठ्ठ्यानं गावातली जुनी पाठशाळा घेतली, पोरांना बाहेर काढलं, गोदाम केलं आणि गच्चीवर उभा राहिला. समोर त्याची जहाजं येताहेत, शिडंच शिडं! पुस्तक संपलं! हे दालन फुकट अडवून ठेवण्यात काय अर्थ आहे? सोफे उद्याच वर येतील!"

माझ्या खिडकीतले ऊन त्या क्षणी मावळले. खरोखरच मावळले, वेळच ती होती.

"पण ते गोदाम जळतं ना!" टेलरमामा म्हणाले.

"काय?"

"जळून कोळसा! माझा म्हातारा त्याच राखेत बसून उंदरांशी बोलतो. 'पाठशाळा होती तेव्हा इथे रात्रभर कोणीतरी जागं असायचं,' म्हणतो."

अध्यक्षांचा चेहरा पॉलिश न केलेल्या लाकडासारखा झाला. "विमा?"

"काढला नव्हता," लेखिकाबाई प्रथमच बोलल्या. "महत्त्वाकांक्षी माणसं काढत नाहीत."

"आणि त्याची मुलगी तिथे पुन्हा पाठशाळा बांधते," आत्या म्हणाली. "तिथे शिकलेली पोरंच तिची जहाजं चालवतात. म्हणून तर धंदा उभा राहिला!"

लेखिकाबाईंनी चारही पुस्तके मागून घेतली, ओळीने मांडली, उघडली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"माझं पुस्तक कापलंत?"

दालनात टाचणी पडली असती तर तिलाही अवघडल्यासारखे झाले असते. मी होकारार्थी मान हलवली. त्यांचे खांदे हलू लागले. त्या रडताहेत असे वाटून मी रुमाल पुढे केला. त्या हसत होत्या!

"इतकी वर्षं लोक मला भेटतात आणि 'छान लिहिलंय' म्हणून निघून जातात," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "माझ्या माणसासाठी कोणी भांडलं नव्हतं हो!"

सगळे पांगल्यावर अध्यक्ष मागे रेंगाळले. "सोफे खालीच राहू दे," ते पुटपुटले. मी आनंदाने तिसरा भाग त्यांच्या हाती ठेवला. त्यांनी तो अलगद टेबलावर परत ठेवला.

"नको रे. माझ्या भागात तो अजून गच्चीवर उभा आहे. जहाजं येताहेत. राहू दे त्याला तिथेच."

फर्निचरच्या व्यापाऱ्याच्या अंतरंगातही एक पश्चिमेची खिडकी असते, हे मला त्या संध्याकाळी उमगले. मी जिंकलो होतो! दालन वाचले, वाचक वाढले, हल्ली माणसे पुस्तक हाती घेताच आधी विचारतात, "हे पूर्ण आहे ना?"

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी वाचनालयाला भेट म्हणून आपल्या दुकानातले सर्वांत मोठे कपाट वर पाठवले. शिसवी, भव्य, सहा माणसांनाही न हलणारे! "त्या चार भागांना शोभेलसं," असा निरोपही आला. भिंतीला लागून ठेवायला जागा एकच होती, पश्चिमेची.

आता मी भर दुपारीदेखील दिवा लावून वाचतो.