पोटभर शाबासकी

जयसिंगची बायको सारजाबाई आजारी आईला बघायला ताम्हिणीला गेली आणि पावसाने अशी झड धरली, की तिचं परत येणं लांबलं. माले गावातल्या घरात उरले जयसिंग आणि त्याची दहा वर्षांची लेक सुंदरा. चूल सुंदराने आपणहून ताब्यात घेतली.

आई कालवण चढवतानाच मीठ टाकायची, शेजारची रंभाआत्या उतरवताना टाकायची. सुंदरा दोघींनाही मान देणारी पोर. तिने दोन्ही वेळा टाकलं.

पहिल्याच घासाला जयसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर लेक गुडघ्यावर हनुवटी टेकून त्याच्या तोंडाकडे बघत होती. जयसिंगच्या बापाने एकदा अळणी भातापायी ताट अंगणात भिरकावलं होतं. तो भात रांधणाऱ्या बहिणीचं तेव्हाचं तोंड जयसिंग अजून विसरला नव्हता. त्यात शाळेच्या गुरुजींनी पालकांना नुकतंच बजावलं होतं, की पोरांना हाणू नका, शाबासकी द्या. चुकलं तर जवळ घेऊन सांगा, असंही ते पुढे म्हणाले होते. पण तोवर जयसिंग बैल सुटला का ते बघायला उठून गेला होता.

"कसं झालंय, आबा?"

"लई झ्याक. तुझ्या आईलाबी असं जमायचं न्हाई."

सुंदरा स्वतः दूधभात खाई, तिखटाला शिवत नसे. त्यामुळे रोज खारट कालवण आणि रोज नवी शाबासकी, असा संसार सुरू झाला. जयसिंग घागरीवर घागर रिचवू लागला. रंभाआत्याने त्याला आडावर गाठून कारण काढून घेतलं.

"जयसिंगा, आरं मग सांग की तिला."

"रडंल ती, आत्या."

"रडंल आन् गप व्हईल. पोरगी हाय ती. मडकं न्हाई, टिचायला."

जयसिंगने मान हलवली आणि घरी जाऊन पुन्हा ताट चाटूनपुसून खाल्लं.

मग लावणीची इर्जिक आली. भाऊबंद मजुरी न घेता चिखलात उतरणार आणि घरधन्याने त्यांना पोटभर जेवू घालायचं, ही गावाची रीत. स्वयंपाक रंभाआत्याने करायचा, असं ठरलं होतं. सुंदरा फुरंगटली.

"आत्या कशापायी? मी हाय की."

"अगं, मानसं लई."

"मंग भांडं मोठं घिऊ."

खरं बोलायची वेळ हीच होती. पण रोज हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या पोरीला एकाएकी खाली कसं उतरवायचं, हे जयसिंगला कळेना. त्याऐवजी तो संध्याकाळी घरोघर फिरून आला. "कालवण कसंबी असू द्या, पोरीला ग्वाड म्हना. येवढं मन राखा."

शेतात जेवायला बसल्यावर भाऊबंद शब्दाला जागले. सगळ्यांत वडीलधारा हैबतराव पहिला घास गिळून म्हणाला, "पोरी, असं कालवण मी आजवर खाल्लं न्हाई."

सुंदराने खूश होऊन त्याच्या भातावर आणखी दोन पळ्या ओतल्या. ते बघून शेजारचा भैरू हळूच "बरं हाय" म्हणाला, तर पोरीचं तोंड उतरलं. बांधावरून जयसिंगने हात जोडले. भैरूने नाइलाजाने आवाज चढवला आणि त्यालाही दोन पळ्या मिळाल्या.

जेवणं झाली आणि लावणी अडली. गुडघाभर पाण्यात उभी राहून माणसं पाणी पाणी करू लागली. रोपांच्या मुठी बांधावर पडून राहिल्या. सुंदरा तांब्या घेऊन पळत होती. शेवटी ती थबकली.

"आज समद्यांनाच येवढी तहान कशी?"

ती भांड्याशी गेली, बोट बुडवलं आणि चाखलं.

जयसिंग चिखल तुडवत धावला. आता पोर हंबरडा फोडणार. तिचे डोळे भरलेही, पण कोपराने पुसून ती सगळ्यांना म्हणाली, "लई खारट हाय. मला कुनी सांगितलं का न्हाई?"

सगळ्यांनी जयसिंगकडे बघितलं.

"भवाने, मीठ एकदाच घालत्यात," रंभाआत्या म्हणाली.

"कवा?"

"कवाबी घाल. पन एकदा."

सुंदरा फसकन हसली आणि आत्याबरोबर ताक आणायला गेली. लावणी मात्र त्या दिवशी उरकली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊबंद पुन्हा आले. हैबतराव येताना भाकरी बांधून आला.

इर्जिकेच्या पहिल्या रात्री सुंदराने एवढंच विचारलं, "आबा, पयल्यापासनं असंच हुतं?"

"व्हय."

ती कूस बदलून झोपली. जयसिंगला फार वाईट वाटलं. तिचं घरातलं रडू चुकवायला तो गेला आणि भर शेतात तिचं हसं करून बसला.

आठवडाभरात सुंदराचा हात बसला. एके दिवशी हुलग्याचं कालवण असं उतरलं, की जयसिंगचा घास तोंडातच रेंगाळला.

"सुंदरे, लई झ्याक झालंय. देवाशप्पथ."

"बरं," ती वर न बघता म्हणाली आणि वाटी घेऊन पावसातच रंभाआत्याकडे पळाली. कुडापलीकडून आत्याचा आवाज आला, "हां, खान्याजोगं हाय." पोरगी नाचतच परत आली.

तोवर जयसिंगने ताट स्वच्छ केलं होतं. त्याने ते पुढे केलं. "आजून वाढ गं."

सुंदराने त्याच्याकडे बघितलं. मग मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, आबा. माझ्यापायी बळंच खाऊ नगा," असं म्हणून तिने भांडं उचललं आणि झाकून ठेवलं.